बाळंतिणीचे पॅड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिंकाचे लाडू कुणी वळायचे, आळीव कुठून आणायचे, बाळाची अंगडी-टोपडी कुणी शिवायची, हे सातव्या महिन्यातच ठरलेलं असतं. पॅडची आठवण मात्र कळा सुरू झाल्यावर होते, आणि मग रात्री अकरा वाजता कुणीतरी उघडं मेडिकल शोधत फिरतं. मी प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, पहिलं नॉर्मल, दुसरं सिझर. वॉर्डात, आणि घरी गेल्यावर फोन करून, बायका जे विचारतात (हल्ली नवरेही विचारतात, बरं वाटतं) तेच इथे लिहिलं आहे.

बाळंतपणानंतर अंगावरून किती दिवस जातं?

चार ते सहा आठवडे. बाळाच्या मागून वार पडते, आणि ती जिथे चिकटलेली होती तिथे गर्भपिशवीत साधारण तळहाताएवढी ओली जखम राहते. ती भरेपर्यंत जाणार. पहिले तीन-चार दिवस लालभडक, पाळीपेक्षा कितीतरी जास्त, मधूनमधून गाठीही. मग रंग उतरतो, गुलाबी, तपकिरी होतो, आणि दहा-बारा दिवसांनी पिवळसर पांढरं जायला लागतं. कुणाचं तीन आठवड्यांत आटपतं, कुणाचं सव्वा महिना रेंगाळतं. जावेशी तुलना करू नका.

माझं सिझर झालंय. डॉक्टरांनी आतून सगळं साफ केलं असेल ना? मग पॅड कशाला?

साफ करतात. म्हणून नॉर्मलपेक्षा थोडं कमी जातं. पण वारेची जखम तीच आणि तेवढीच, त्यामुळे पॅड लागणारच. सिझरवाल्यांची अडचण वेगळी असते. पहिल्या दिवशी लघवीची नळी असते, कुशीवर वळता येत नाही, आणि चड्डीचं इलॅस्टिक बरोबर टाक्यांवर येतं. म्हणून बेंबीच्या वर जाणाऱ्या, एक-दोन साइझ मोठ्या, साध्या सुती चड्ड्या आधीच घेऊन ठेवा. गरोदरपणात वापरलेल्या चालतात. नळी असेपर्यंत चड्डी न घालता पॅड नुसता खाली सरकवून ठेवला तरी भागतं, सिस्टरला सांगा, ती बदलून देते.

पाळीचेच पॅड चालणार नाहीत का?

दुसऱ्या आठवड्यापासून आरामात चालतील. पहिल्या तीन-चार दिवसांत नाही. पाळीचा साधा पॅड २३०-२४० मिलिमीटर लांब असतो, एक्सएल २८०, डबल एक्सएल ३२० च्या आसपास. बाळंतिणीचे पॅड ३५० च्या पुढे जातात, रुंदही असतात. बाळंतीण बहुतेक वेळ आडवी असते, आणि आडवं झालं की सगळं मागे ओघळतं. पॅड मागे आखूड पडला की गाऊन, चादर, गादी सगळं धुवायला निघतं.

दुसरी गोष्ट वरच्या थराची. पाळीच्या बऱ्याच पॅडना वर प्लास्टिकची बारीक जाळी असते. एरवी ती बरी वाटते, कोरडं राहतं. पण खाली टाके असतील तर जाळीत टाक्याचं टोक अडकतं, उठताना ओढ बसते. तिथे मऊ, कापसासारखा वरचा थर असलेलाच घ्या. सुगंधी पॅड तर अजिबात नको. एक तर चुरचुरतं, आणि खरा वास कळला पाहिजे तोच झाकला जातो.

मी बाळाचा बाबा. मेडिकलमध्ये जाऊन नेमकं काय मागू?

"मॅटर्निटी पॅड द्या" म्हणा. नसतील तर "डबल एक्सएल, कॉटनचा, जाळीचा नको, बिनवासाचा." हे फोनमध्ये लिहूनच न्या, काउंटरवर घाई होते. काळ्या पिशवीत गुंडाळून दिलं तर घ्या, नाही दिलं तर तसंच घेऊन या, काही बिघडत नाही. जुलै २०१८ पासून पॅडवर जीएसटी नाही, तेव्हा छापील किमतीच्या वर कुणी काही मागितलं तर देऊ नका.

एकूण किती लागतात?

पहिले तीन दिवस रोजचे सहा ते आठ धरा. म्हणजे मोठे १८-२४ पॅड. पुढे दीड-दोन आठवडे एक्सएल, रोज चार-पाच. शेवटी शेवटी साधे. एकदम सहा पाकिटं भरून ठेवू नका, कारण काहींचं खरंच लवकर थांबतं. शेवटच्या टप्प्यासाठी जनऔषधी केंद्रातले 'सुविधा' पॅड उत्तम, ऑगस्ट २०१९ पासून एक पॅड १ रुपयाला आहे.

सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, साहित्य, जेवण मोफत आहे. तरी तिथे हवे तेवढे, हवे तसे पॅड मिळतीलच असं धरून चालू नका. दोन पाकिटं बॅगेत असू द्या.

आई म्हणते जुन्या सुती साडीच्या घड्याच बऱ्या. खरं आहे का?

कापड मऊ असतं, टोचत नाही, हे आईचं बरोबर. माझ्या आईने माझ्यासाठी लुगड्याच्या चौकोनी घड्या शिवून ठेवल्या होत्या, कडा आत दुमडून. अडचण कापडाची नसते, वाळवण्याची असते. घड्या मोरीत धुतात आणि कुणाला दिसू नयेत म्हणून परकराखाली, किंवा माळ्यावर अंधारात टाकतात. ओलसर कापड तसंच परत खाली जातं, आणि वर ताजी जखम असते.

कापडच वापरायचं असेल तर आधी थंड पाण्यात भिजवा (गरम पाण्यात डाग पक्का बसतो), साबणाने धुवून खळखळून काढा, आणि कडक उन्हात उघडं वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करा. तेवढं जमणार नसेल तर टाके असेपर्यंत तरी विकतचे पॅड वापरा, घड्या पंधरा दिवसांनी काढा. आईला वाईट वाटणार नाही.

किती वेळाने बदलायचा?

पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी. पुढे तीन-चार तासांनी, भरला नसला तरी. रात्री झोप लागली आणि सहा तास गेले तर हरकत नाही, झोप कुठे मिळते!

बदलण्याआधी हात धुवा आणि नंतरही. आधी हात धुवायचं सगळ्या विसरतात. पॅड काढताना पुढून मागे काढा, पुसतानाही पुढून मागे, म्हणजे शीच्या जागेचे जंतू पुढे येत नाहीत. लघवी करताना टाके चुरचुरत असतील तर त्याच वेळी मगाने कोमट पाण्याची बारीक धार पुढून सोडा, लगेच आराम पडतो. जेट स्प्रेचा जोर मात्र नको. मग मऊ कापडाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

उठून उभी राहिले की एकदम भळकन येतं. काही बिघडलंय का?

नाही. पडून असताना रक्त योनीमार्गात साठतं, उभं राहिल्यावर खाली येतं, सोबत एखादी गाठही येते. पहाटे पहिल्यांदा उठताना हे जास्त जाणवतं. पलंगावर आडवं मेणकापड आणि वर जुनी चादर घाला, बाळासाठी आणलेलं मेणकापड दोघांना पुरतं. एकदा आलं आणि मग हळू झालं तर काळजी नाही. येतच राहिलं तर पुढे "किती गेलं म्हणजे जास्त?" हा प्रश्न वाचा.

बाळाला पाजायला घेतलं की पोटात कळ येते आणि जास्त जातं. पाजणं कमी करू का?

अजिबात नको. बाळ चोखतं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने गर्भपिशवी आवळते. कळ त्याची. ती आवळते म्हणूनच रक्त थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा पहिल्यापेक्षा जोरात येतात. आणि पाजायच्या आधी लघवीला जाऊन या. लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भपिशवी नीट आवळत नाही. पहिल्या दिवशी वॉर्डात कुणाचं जास्त जातंय म्हटलं की आमचा पहिला प्रश्न हाच असतो, "लघवी कधी केली?"

किती गेलं म्हणजे जास्त?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, पण फार थोड्या जणी विचारतात.

आपल्याकडे एक समज पक्का आहे: बाळंतपणातलं रक्त घाण असतं, ते जेवढं जाईल तेवढं चांगलं, अडलं तर पोट सुटतं. म्हणून जास्त जायला लागलं की घरात कुणी घाबरत नाही, उलट "जाऊ दे, मोकळं होतंय" म्हणतात. रक्त घाण नसतं. तुमच्याच अंगातलं असतं आणि ते भरून यायला महिने लागतात.

एक मुलगी माहेरी होती, दहावा दिवस. तिच्या मावशीचा मला फोन आला, "पोरगी पांढरी पडलीय, बारशाला कशी उभी राहणार?" मी विचारलं, सकाळपासून पॅड किती झाले? माहीत नव्हतं. प्रत्येक पॅड न बघता वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत जात होता, झाकण लावून. मावशीला म्हटलं, फोन चालू ठेवा आणि बादली उघडून पुड्या मोजा. अकरा वाजत आले होते. सात निघाल्या, वजनाला जड. वारेचा तुकडा आत राहिला होता. दवाखान्यात नेलं, पिशवी साफ केली, रक्त चढवलं. आज बरी आहे. पण सात पुड्या बादलीत होत्या आणि घरात चार बायका होत्या.

म्हणून गुंडाळण्याआधी पॅड बघा. बाथरूमच्या दारामागे कागद लावून प्रत्येक पॅडला एक रेघ मारा, आणि वेळ लिहा. पातळ, जेलचे पॅड वरून कोरडे दिसतात आणि आतून भरलेले असतात, तेव्हा हातात घेऊन वजन बघायचं.

लगेच दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: मोठा पॅड तासाभरात टोकापासून टोकापर्यंत भिजला, आणि पुढच्या तासाला दुसराही भिजला. मोठ्या लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी गाठ पडली (पहिल्या दोन-तीन दिवसांत सुपारीएवढ्या गाठी पडतात, त्या चालतात). रक्त जातंय आणि सोबत घेरी येतेय, छातीत धडधडतंय, हातपाय गार पडलेत, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, यात तर दुसऱ्या पॅडची वाटही बघायची नाही. १०८ लावा. वापरलेले पॅड पिशवीत घालून सोबत न्या. लाजू नका, डॉक्टरांना त्यावरून किती गेलं ते कळतं. गाडी येईपर्यंत लघवी करून घ्या, आडव्या राहा, जमलं तर बाळाला पाजत राहा.

आणि हे पहिल्या दिवसातच होतं असं नाही. पहिल्या २४ तासांनंतर, अगदी बाराव्या आठवड्यापर्यंत कधीही होऊ शकतं.

थांबत आलं होतं, आता परत लाल दिसतंय.

दुसऱ्या आठवड्यात जखमेवरची खपली निघते, तेव्हा एक-दोन तास लाल जाऊन थांबतं. किंवा तुम्ही पाहुण्यांच्या गडबडीत जास्त उभ्या राहिलात, बादली उचललीत. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मला असे फोन हमखास येतात. पडून राहा. आराम करूनही दुसऱ्या दिवशी लालच असेल, वाढलं असेल, किंवा पॅड भरायला लागले, तर दाखवा.

वास येतो. स्वाभाविक आहे का?

पाळीसारखा, लोखंडासारखा वास स्वाभाविक. सडका, डोकं उठवणारा वास नाही. त्यासोबत ताप १००.४ च्या वर, हुडहुडी, किंवा ओटीपोट दाबल्यावर दुखणं असेल तर गर्भपिशवीत जंतुसंसर्ग आहे असं समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अंगात वारं शिरलं म्हणून कान बांधून बसू नका. कान बांधा हवे तर, पण रिक्षात बसून.

पाण्यात डेटॉल घालायचं का? आणि धुरी?

डेटॉल, सॅव्हलॉन काही नको, त्याने कातडी सोलवटते. साधं कोमट पाणी पुरे. टबात बसून दहा-पंधरा मिनिटं शेक घेतला तर टाक्यांना छान वाटतं. पावडर नको, हळद-तेलाचे बोळे आत ठेवणं तर मुळीच नको.

धुरीचं म्हणाल तर ओव्याचा वास खोलीत दरवळला तर कुणाची ना नाही. शेगडीवर पाय फाकवून बसवतात ते मात्र टाळा. टाक्यांच्या जागी आधीच बधिरपणा असतो, भाजलेलं कळत नाही.

इंटरनेटवर पॅडमध्ये बर्फ ठेवा असं सांगतात. आजी ओरडतेय.

आजीला सांगा, फक्त पहिले एक-दोन दिवस, सूज उतरेपर्यंत, आणि दहाच मिनिटं. बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून लावायचा, थेट कातडीला नको. त्यानंतर आजीचा शेक सुरू करा. दोघींचंही राहतं.

मोठ्यांचे डायपर वापरले तर?

पहिले दोन दिवस, किंवा दवाखान्यातून घरी लांबचा प्रवास असेल तेव्हा सोयीचे आहेत. गळत नाहीत, सिझरच्या टाक्यांवर काचत नाहीत. तोटा असा की ते इतकं शोषतात की किती गेलं ते कळत नाही, आणि "अजून भरलं नाही" म्हणून दिवसभर तसेच राहतात. तेही पॅडसारखेच तीन-चार तासांनी बदला.

टॅम्पॉन किंवा पाळीचा कप?

सहा आठवडे नाही. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. नॉर्मल बाळंतपणानंतर कपाचा आधीचा साइझ लहान पडू शकतो.

जांघेत पुरळ आलंय, खाज सुटतेय.

पॅडची कंपनी बदलून बघा, आणि दिवसातून तासभर चड्डी-पॅड न घालता जुन्या चादरीवर पडून राहा, हवा लागू दे. दही-चोथ्यासारखं पांढरं जात असेल आणि खाज असह्य असेल तर ते बुरशीचं, त्याला औषध लागतं.

खोकलं, हसलं की लघवी होते. त्यासाठीही हाच पॅड?

रक्त जातंय तोपर्यंत हाच. नंतरही होत असेल तर आयुष्यभर पॅड लावत बसू नका. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा आवळा आणि सोडा. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर दाखवा. "बायकांचं असंच असतं" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

हे बाळंतपणाचंच जातंय की पाळी आली, कसं ओळखायचं?

मध्ये काही दिवस पूर्ण कोरडे गेले आणि सहा-आठ आठवड्यांनी परत लाल आलं, तर बहुधा पाळी. अंगावर पाजणाऱ्यांना कित्येक महिने येत नाही. पण बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, म्हणजे पाळी आली नसतानाही दिवस जाऊ शकतात. हे वाक्य नवऱ्यालाही वाचून दाखवा.

फिके पडू नये म्हणून काय करायचं?

लोहाच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक घ्यायच्या असतात, सरकारी केंद्रात फुकट मिळतात. चहा-दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. शी काळी होते, घाबरू नका. आळीव आणि लाडू खाच, पण गोळीची जागा ते घेत नाहीत. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. येतात बाळासाठी, पण तुमची रेघांची यादी त्यांनाही दाखवा.

वापरलेले पॅड टाकायचे कुठे?

संडासात नाही, तुंबतो. कागदात घट्ट गुंडाळून, ओल्या कचऱ्यापासून वेगळे, आणि पुडीवर लाल ठिपका काढून द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही ठिपक्याची पद्धत रुजवली, कारण उघडे पॅड त्यांनाच हाताने वेगळे करावे लागतात. बाकीच्या गावांतही ती करायला काय हरकत आहे? घंटागाडी येत नसेल तर कुत्री उकरणार नाहीत एवढ्या खोल खड्ड्यात पुरा. कुणी करणी करेल या भीतीने काही घरांत पॅड आठवडाभर साठवून ठेवतात. त्याने फक्त माश्या येतात.

माझं बाळ राहिलं नाही. मलाही हे सगळं लागेल का?

हो ताई, शरीराला तेवढंच भरून काढायचं असतं. तेवढेच आठवडे जातं, पॅड तेच, धोक्याच्या खुणा त्याच. दूधही येईल, छाती भरेल, त्याचं काय करायचं ते डिस्चार्जच्या आधी सिस्टरला विचारून घ्या. पॅड आणायची आठवण अशा वेळी घरात कुणालाच राहत नाही, म्हणून एका माणसावर ते काम सोपवा.

दोन पाकिटं उरली. परत होतील का?

फोडलेलं पाकीट मेडिकलवाला घेत नाही. एक्सएल पुढच्या पाळीला वापरा. मॅटर्निटीचं न फोडलेलं पाकीट वॉर्डात आणून द्या. रात्री-अपरात्री रिकाम्या हाताने आलेली एखादी तरी असतेच.